लग्नाची पंगत आणि तिचा हिशेब



लग्न झाले की मुलीला सोने किती घातले, मानपान कसा झाला, याची चर्चा महिना-दोन महिने चालते आणि पुढे विरून जाते. जेवण मात्र लोक विसरत नाहीत. "अमक्यांच्या लग्नात शेवटच्या पंगतीला वरण पाण्यासारखे झाले होते," हे वाक्य वीस वर्षांनंतरही ऐकू येते. आणि "तमक्यांच्या घरी साधेच होते, पण पोट भरून जेवलो," हेही तितकीच वर्षे टिकते. असे असूनही या जेवणाचा बेत पूर्वी कोण ठरवीत असे, तो कसा पार पडे आणि त्याचा पैसा कोठून येई, याचा इतिहास आपण बायका क्वचितच लिहितो. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण कार्यघरातली कोठी सांभाळण्याचे काम पुष्कळदा माझ्याकडे आले आहे आणि वाचनाचीही थोडी आवड आहे. म्हणून मंडळाच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेसाठी हाच विषय घेतला आहे.

लग्नाच्या जेवणाचे प्रश्न दोनच. पाने किती, हा पहिला. आणि ती कोणत्या पैशाने वाढावयाची, हा दुसरा. पदार्थ कोणते करावे, हा प्रश्न त्यानंतरचा. हल्ली आपण नेमके उलटे करतो. आधी पदार्थांची यादी होते, मग माणसे मोजतात, आणि पैशाचा विचार सर्वांत शेवटी, पुष्कळदा सावकाराच्या किंवा बँकेच्या दारात होतो. मागच्या लोकांनी हे दोन प्रश्न कसे सोडविले, ते पाहू या.

मेजवानीची जुनी वर्णने पाहू गेले तर ती बहुधा राजाच्या घरची सापडतात. कल्याणीच्या चालुक्यांपैकी सोमेश्वर राजाने इ. स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या जेवणाचा एक मोठा भाग आहे. वडे आहेत, पुऱ्या आहेत आणि 'मंडक'ही आहे. हे मंडक म्हणजेच आपले मांडे. उलट्या खापरावर मांडा टाकणाऱ्या बायका आपल्या भागात आणि खानदेशात अजून आहेत. राजाच्या पानात असलेला पदार्थ आठ-नऊशे वर्षांनी आपल्या चुलीवर निघतो, ही गंमत खरी. पण त्या ग्रंथात चुलीपुढे बसणारीचे नाव मात्र शोधू नये.

बायकांचा आवाज ऐकावयाचा तर आपल्याच वऱ्हाडात रिद्धपूरला जावे लागते. तेराव्या शतकात महानुभाव पंथातील महदाइसेने तेथे लग्नाची गाणी रचली. ती 'धवळे' म्हणून प्रसिद्ध आहेत आणि त्यांमुळे तिला मराठीतील आद्य कवयित्री म्हणतात. म्हणजे मराठी बाईची पहिली नोंदलेली कविता ही लग्नाचे गाणे आहे. गाणे लिहिले गेले म्हणून टिकले. स्वयंपाकाचा हिशेब लिहिला गेला नाही, म्हणून तो सासूच्या तोंडून सुनेच्या कानी असाच चालत आला.

हिशेब लिहिला म्हणजे काय होते, याचे मोठे उदाहरण पेशवाईत आहे. फेब्रुवारी १७८३ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांचे लग्न पुण्यास थत्ते यांच्या मुलीशी झाले. मुलीचे लग्नानंतरचे नाव रमाबाई. पेशव्यांना तेव्हा नऊ वर्षेही पुरी झाली नव्हती. सारा कारभार नाना फडणिसांच्या हाती होता. नानांनी या लग्नाच्या व्यवस्थेची लेखी याद केली होती. कोणते काम कोणाकडे, पाहुण्यांचा मान कसा राखावा, पंगती कशा बसवाव्या, वाढणे कसे व्हावे, याची आधीच वाटणी करून दिलेली होती. राज्याचा कारभार करणारा माणूस पंगतीचे कागद करीत बसला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. कारण कार्यात गोंधळ होतो तो सामान कमी पडल्यामुळे क्वचितच. हे काम कोणाचे, हे ठरलेले नसल्यामुळे पुष्कळदा होतो. पेशव्यांच्या घरच्या खर्चाची बरोबरी कोणी करू नये. पण त्यांची याद करण्याची रीत गरिबालाही फुकट घेता येते.

आता आपल्या खेड्यांकडे वळू. येथे नाना फडणीस नव्हते, पण व्यवस्था होती. आवतनाचेच प्रकार पाहा. 'घरटी एक' असे सांगितले तर घरातले एक माणूस जेवावयास यावे. 'चूलबंद' म्हटले की त्या दिवशी त्या घरी चूल पेटावयाची नाही, लहानथोर सगळे जेवावयास. या दोन शब्दांत पानांची मोजदाद होत असे. गावात घरे किती हे पाटलांना पाठ, चूलबंद असेल तर माणसे किती हे बायकांना पाठ. छापील पत्रिकेवर आपण 'सहकुटुंब सहपरिवार' लिहितो आणि मग कोण येणार, कोण नाही, याचा अंदाज बांधीत रात्र काढतो. जुने शब्द याहून नेमके होते.

कामही वाटून होत असे. लग्नाच्या आधी आठ-पंधरा दिवस शेजारणी आपापल्या जात्यावर दळण दळून देत. डाळ भरडणे, हळकुंडे कुटणे, तांदूळ निवडणे, शेवया-कुरडया घालणे, हे सारे गाणी म्हणत एकमेकींच्या ओसरीवर होई. मोठे हंडे, पराती आणि कढया देवळाच्या किंवा गावाच्या असत. ज्याचे कार्य, त्याने न्याव्या आणि घासून परत आणून ठेवाव्या. पत्रावळी पळसाच्या. उन्हाळ्यात पैनगंगेचे पात्र आटते, विहिरी तळाला जातात, अशा वेळी शेकडो ताटे धुवावयास पाणी कोठून आणणार? पत्रावळ धुवावी लागत नाही आणि शेवटी उकिरड्यावर तिचे खत होते. त्यामुळे पत्रावळ ही गरिबीची खूण आहे असे कोणी समजू नये. ती पाण्याच्या टंचाईवर काढलेली युक्ती होती.

पदार्थांच्या निवडीतही अशीच अक्कल दिसते. आपल्या भागाचे रोजचे अन्न ज्वारीची भाकर. म्हणून कार्याला गव्हाची पोळी किंवा पुरी आणि भात. रोज न मिळणारे ते कार्याला मिळावे, एवढाच थाट. गोडाला बुंदी का? तर ती आदल्या दिवशी पाडून ठेवता येते, वैशाखाच्या उन्हातही दुधाच्या गोडासारखी नासत नाही, आणि मुठीने वाढता येत असल्यामुळे पाहुणे वाढले तर मूठ थोडी आवरून शेवटच्या पानापर्यंत पुरविता येते. भाजी वांग्याचीच का? वांगे सोलावे लागत नाही, मोठ्या कढईत लवकर शिजते आणि रस्सा वाढविला तर भाजी वाढते. शेवटी कढी किंवा मठ्ठा, कारण उन्हातून आलेल्या माणसाला तेच हवे असते. वरण-भात, पोळी, वांग्याची भाजी, बुंदी, कढी. पाच पदार्थ, पण प्रत्येकाच्या मागे कारण आहे.

परंतु जुन्या पंगतीचे गोडवे गाताना तिचे दुसरे अंगही सांगितले पाहिजे, नाहीतर तो इतिहास खोटा होईल. ही पंगत सर्वांची नव्हती. जातीप्रमाणे पंगती वेगळ्या, बसावयाची जागा वेगळी. ज्यांना अस्पृश्य म्हणत, त्यांना मांडवाबाहेर बसावे लागे आणि उरलेले अन्न त्यांच्या पदरात वरून टाकले जाई. लग्नाची लाकडे फोडणारे, वाजंत्री वाजविणारे, गावभर सांगावे पोहोचविणारे बहुधा तेच. ही गोष्ट कोणी मोठेपणाने सांगण्यासारखी नाही. आणि बायकांची पंगत? ती सर्वांत शेवटी. पहाटेपासून चुलीपाशी बसलेल्या बाईच्या पानात तिन्हीसांजेला गार भात आणि खरवडलेले वरण येई. याला विरोध करणारेही आपल्याच महाराष्ट्रात निघाले. १९२८ साली लोकमान्यांचे चिरंजीव श्रीधरपंत टिळक यांनी पुण्यास गायकवाड वाड्यात सर्व जातींचे सहभोजन घडवून आणले. कोण कोणाजवळ बसून जेवतो, या साध्या दिसणाऱ्या गोष्टीसाठी तेव्हा मोठे धैर्य लागत होते.

त्याच्याही आधी पुण्यातच लग्नाच्या खर्चावर एक मोठा प्रयोग झाला होता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ च्या सप्टेंबरात सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला त्या पद्धतीचे पहिले लग्न लागले. वर सीताराम जबाजी आल्हाट, वधू राधाबाई निंबणकर. राधाबाईची आई ही सावित्रीबाईंची मैत्रीण. भट-भिक्षुकाला दक्षिणा नाही, हुंडा नाही, आणि खर्च म्हणाल तर विड्याच्या पानांपुरता. सावित्रीबाईंनी या लग्नात पुढाकार घेतला होता. दोन मैत्रिणींनी मनावर घेतले म्हणून एक लग्न पानसुपारीवर झाले, असे मी या हकिगतीकडे पाहते. लोकांनी नावे ठेवली असतील. पण त्या घरावर लग्नाचे कर्ज राहिले नाही.

कर्जाचा विषय निघाला म्हणून १८७५ सालाची गोष्ट सांगते. त्या वर्षी पुण्यात रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' हे पाकक्रियेचे पुस्तक छापून निघाले. आणि त्याच वर्षी मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. पुढे हे दंगे नगर जिल्ह्यातही पसरले. इकडे पक्वान्नांचे पुस्तक, तिकडे कर्जाच्या कागदांची होळी, असे ते वर्ष होते. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. "शेतकरी लग्नात उधळतो म्हणून कर्जात बुडतो," असे तेव्हाचे पुष्कळ साहेब लोक म्हणत. आयोगाने मात्र या बोलण्याला फार किंमत देऊ नये असे लिहिले. शेतकऱ्याचे कर्ज वाढते ते पोटाला धान्य, बियाणे, बैल आणि सरकारचा सारा यांसाठी पुनःपुन्हा काढाव्या लागणाऱ्या लहान रकमांमुळे. लग्न हा अधूनमधूनचा खर्च, असे त्याचे म्हणणे होते.

हे वाचून मला बरे वाटले आणि विचारही पडला. बरे अशासाठी, की मुलीच्या बापाला उधळ्या ठरवून मोकळे होणे सोपे असते, आणि ते न्यायाचे नसते. विचार अशासाठी, की ज्याच्या घरी बी-बियाण्याचेच कर्ज आहे, त्याला लग्नाचा एक दिवस पुढची चार वर्षे सोडीत नाही. आपला जिल्हा कापूस-सोयाबीनचा. २००६ साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी खास मदत जाहीर केली, त्यात बुलढाणा होता. त्या दुःखाची कारणे मोठी आहेत, ती पंगतीत शोधू नयेत. पण पंगतीमुळे त्यात भर पडू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात पंगतीची एक आठवण सर्वांना ठाऊक आहे. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात देविदास पातूरकर यांच्या घरी मुलाच्या ऋतुशांतीचे जेवण होते. त्या काळी लग्ने लहानपणी होत आणि मुलगी मोठी झाल्यावर हे दुसरे कार्य व दुसरे जेवण करावे लागे. म्हणजे एका लग्नाचे दोन खर्च. त्या दिवशी घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शिते गजानन महाराज वेचून खात होते, ते बंकटलाल अग्रवाल यांनी पाहिले, अशी कथा दासगणूंच्या पोथीत आहे. भक्त तिच्यातून भक्तीचा अर्थ घेतात आणि तो त्यांनी घ्यावा. मी गृहिणी म्हणून एक साधा अर्थ घेते. पानात टाकलेले अन्नही अन्नच असते, आणि मांडवाच्या मागे काय पडले आहे, हे पाहिल्याशिवाय पंगत चांगली झाली की नाही, हे कळत नाही.

याच वऱ्हाडात १८७६ साली गाडगेबाबांचा जन्म झाला. घरी मुलीचे बारसे होते. त्यांच्या समाजात अशा प्रसंगी दारू आणि मटण देण्याची रीत. गावकी नाराज होईल हे ठाऊक असूनही त्यांनी ती रीत मोडली आणि लोकांना गोड जेवण घातले. पुढे १९५६ पर्यंत, म्हणजे देह ठेवीपर्यंत, ते कीर्तनातून हेच सांगत राहिले की कर्ज काढून सण आणि लग्न करू नका. मोडक्या ताटात जेवा, पण मुलांना शाळेत घाला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीही 'ग्रामगीते'त लग्नाच्या डामडौलावर कोरडे ओढले आणि साध्या, सामुदायिक विवाहाचा पुरस्कार केला. 'ग्रामगीता' १९५५ ची. म्हणजे सांगणारे आपल्याकडे कमी झाले नाहीत. ऐकणारे कमी पडले.

मधल्या काळात काही वेळा परिस्थितीनेच बेत ठरविला. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, मुंबईत रेशन सुरू झाले. धान्य मोजून मिळू लागल्यावर जेवणावळी घालणार कशा? पानसुपारीचा समारंभ शहरांत आधीपासून होता; अत्तर-गुलाब, पेढा, विडा आणि गजरा देऊन पाहुण्यांची बोळवण होत असे. त्याचेच पुढे 'स्वागत-समारंभ' असे नाव होऊन चहा-फराळ किंवा आइस्क्रीम देण्याची चाल पडली. ही चाल इंग्रजी रिसेप्शनची नक्कल म्हणून काहींनी हिणविली. पण तिच्यामुळे लग्न लावणे एका वेळी आणि मोठा गोतावळा भेटणे दुसऱ्या वेळी, अशी सोय झाली, आणि जेवण जवळच्या माणसांपुरते ठेवता आले. आज मात्र याच रिसेप्शनचे जेवण लग्नाच्या जेवणाहून मोठे झाले आहे. जी गोष्ट खर्च वाचविण्यास सोयीची होती, तीच खर्चाचे कारण झाली.

१९५८ ते १९६२ या काळात शेर-मण जाऊन किलोग्राम आले. चाळीस शेरांचा मण आणि ८० तोळ्यांचा शेर, म्हणजे सुमारे ९३३ ग्राम, यावर पाठ केलेले सारे हिशेब जुन्या बायकांना नव्याने बसवावे लागले. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी एक वेळ जेवण सोडण्याचे आवाहन केले. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन लोकांनी खडी फोडण्याच्या कामावर दिवस काढले. त्या साली ज्यांची लग्ने झाली, त्या आपल्या मंडळातल्या वडील भगिनींना विचारा. मोजक्या माणसांत आणि साध्या जेवणात लागलेले त्यांचे संसार काही कमी टिकले नाहीत. अगदी अलीकडे २०२० साली महामारीमुळे लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली, आणि एप्रिल २०२१ मध्ये ती २५ माणसे आणि दोन तास एवढ्यावर आली. तेव्हा कोणी कोणाला नावे ठेवली नाहीत. सक्तीने जे सर्वांना जमले, ते समजुतीने का जमू नये?

आज आपल्या मेहकरात मंगल कार्यालये झाली आहेत, केटरर आले आहेत, आणि पंगतीऐवजी उभ्याने जेवण्याची पद्धत रुळली आहे. तिला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. उभ्याच्या जेवणात जातीची पंगत उरली नाही आणि बायका शेवटी जेवतात हेही पुष्कळ कमी झाले, हा मोठा लाभ आहे. पण दोन तोटेही आहेत. एक, म्हातारी माणसे हातात ताट घेऊन गर्दीत उभी राहू शकत नाहीत. दुसरा, स्वतः वाढून घेताना डोळे पोटापेक्षा मोठे होतात. चार तऱ्हेच्या भाज्या, चाट, नूडल्स, तीन गोड पदार्थ. प्रत्येकाचा एकेक चमचा घेतला तरी ताट भरते आणि निम्मे टाकले जाते. केटररचा दर पानावर असतो, पोटावर नसतो. टाकलेल्या अन्नाचे पैसेही आपणच भरतो.

थोड्या पदार्थांत मोठी पंगत होत नाही, असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्याच तालुक्यातील हिवरा आश्रम पाहावा. शुकदास महाराजांनी १९६५ साली स्थापलेल्या तेथील विवेकानंद आश्रमात विवेकानंद जयंतीच्या उत्सवाला अफाट जनसमुदाय जमतो. शेतात रांगा करून लोक बसतात, ट्रॅक्टरमधून प्रसाद रांगांपर्यंत येतो आणि स्वयंसेवक वाढत जातात. प्रसाद काय? पुरी आणि वांग्याची भाजी. दोनच पदार्थ, पण कोणी उपाशी परत जात नाही, आणि "पदार्थ कमी होते" असे म्हणताना मी कोणाला ऐकले नाही. शिस्त आणि वाटणी पक्की असली की दोन पदार्थांनीही मान राहतो.

आता थोडे आमच्या घरचे सांगते. काही वर्षांपूर्वी दिरांच्या मुलीचे लग्न ठरले. पुरुषमंडळींनी बैठकीत चौदा पदार्थांची यादी केली आणि पाने हजाराच्या वर धरली. सासूबाई आतून म्हणाल्या, "कागद आत पाठवा." आम्ही जावांनी आवतनाची वही घेतली आणि एकेका घरापुढे 'चूलबंद' की 'घरटी एक' असे लिहून काढले. पाने साडेसहाशे निघाली. पदार्थ सहा ठरविले. भाऊजी आधी म्हणाले, "वहिनी, लोक काय म्हणतील?" सासूबाई म्हणाल्या, "लोक जेवतील." लग्न झाले, शेवटच्या पंगतीला पहिल्या पंगतीइतकेच गरम वाढले, आणि जो पैसा वाचला त्यातून मृगाचे बियाणे उधारीशिवाय आले. एवढ्यासाठीच मी म्हणते, की बेत ठरतो त्या बैठकीत बाईने बसले पाहिजे. तिला आतले सगळे ठाऊक असते. तिला विचारत नाहीत, म्हणून खर्च फुगतो.

ज्या भगिनींच्या घरी येत्या उन्हाळ्यात कार्य आहे, त्यांच्यासाठी माझ्या वहीतला १०० पानांचा हिशेब देते. पुरी, वरण-भात, वांगे-बटाट्याची भाजी, बुंदी आणि मठ्ठा, असा बेत धरला आहे. पुरीसाठी कणीक १२ किलो. तांदूळ ७ किलो. तुरीची डाळ ४ किलो. वांगी १० किलो आणि बटाटे ४ किलो. बुंदीला बेसन ३ किलो व साखर ५ ते ६ किलो. मठ्ठ्याला दही ८ किलो. तळण आणि फोडणी मिळून तेल ७ ते ८ किलो. यातले कढईत काही उरते. पिण्याचे पाणी माणशी दोन लिटर, म्हणजे २०० लिटर; स्वयंपाकाचे आणि धुण्याचे पाणी निराळे. पाने हजार असली तरी दहापट सामान एकदम शिजवू नये. भात आणि पुऱ्या पंगतीगणिक करीत जाव्या. डाळ, भाजी आणि बुंदी आधी तयार ठेवावी. एका वेळी २०० माणसे बसली तर हजारांना पाच पंगती लागतात, आणि एका पंगतीला पाऊण तास धरला तर पावणेचार तास होतात. मुहूर्त लांबतो हे धरून म्हातारी माणसे आणि लहान मुले यांना पहिल्या पंगतीत बसवावे.

कोठीची किल्ली एकाच माणसाकडे असावी आणि आत-बाहेर जाणाऱ्या प्रत्येक डब्याची नोंद व्हावी. वाढणाऱ्यांची नावे आदल्या दिवशी कागदावर लिहावी. स्वयंपाकात राबणाऱ्या बायांची, आचाऱ्यांची, वाजंत्र्यांची आणि मांडव घालणाऱ्यांची पाने मोजदादीत पहिल्यापासून धरावी. उरलेल्यातून त्यांना देऊ नये. आणि उरले तर कोणाकडे पोहोचवावयाचे, हे आधीच ठरवून ठेवावे. उन्हाळ्यात अन्न दोन-तीन तासांत उतरते, तेव्हा शोधाशोध करण्यास वेळ नसतो.

शेवटी लिहिण्याविषयी दोन शब्द. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांनी 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' हे पुस्तक लिहिले. १९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' निघाले आणि घरोघरी गेले. त्या शाळेत फक्त चौथीपर्यंत गेल्या होत्या. तेव्हा आपले शिक्षण थोडे म्हणून कोणी संकोचू नये. माझी मंडळाला एक विनंती आहे. आपण एक जाड वही करू या. ज्या घरी कार्य होईल, तेथल्या बाईने पाने किती धरली, जेवली किती, काय पुरले, काय उरले आणि खर्च किती आला, एवढे पाच रकाने भरावे. चार वर्षांत त्या वहीत मेहकरच्या लग्नांचा खरा इतिहास जमा होईल, आणि पुढच्या आईला मुलीच्या लग्नाची यादी करताना शेजारणीच्या थाटाकडे पाहण्याऐवजी त्या वहीत पाहता येईल. वहीचा खर्च फार नाही. पहिली वही मी आणून देते.